मक्याचं कणीस आणि ऑगस्टमधले पंधरा दिवस

एका पावसाळी रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस घेतलं. निखाऱ्यावर भाजलेलं, वरून लिंबू आणि तिखट-मीठ चोळलेलं. चव झकास होती, पण शेंड्याकडची दोन बोटं जागा पार बोडकी, आणि मधल्या ओळींतही दात पडल्यासारख्या फटी. मी म्हटलं, "मावशी, हे बोळकं कणीस कुठनं आणलंत?" त्या निखारे फुलवत म्हणाल्या, "औंदा समदीच अशी येत्यात. तुरा आला आन् तवाच पावसानं दडी मारली."

मावशींनी दोन वाक्यांत जे सांगितलं, ते उलगडायला मला हा एवढा लेख लागणार आहे.

आधी ते कणीस हातात घेऊ. मक्याच्या झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या ठिकाणी येतात. नराचा तुरा अगदी शेंड्याला, आणि मादी फुलं खाली झाडाच्या मध्यावर, पानाच्या बगलेत फुटणाऱ्या कणसात. गव्हात किंवा भातात दोन्ही भाग एकाच फुलात शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे तिथे फारशी धावाधाव नाही. मक्यात मात्र दोघांमध्ये हातभर, कधी त्याहून जास्त अंतर, आणि मधला निरोप्या म्हणजे वारा. कणीस सोलताना बोटांना चिकटणारे ते रेशमी केस असतात ना, त्यातला प्रत्येक केस आतल्या एकेका दाण्याचा असतो. केसाचं एक टोक बाहेर वाऱ्यावर, दुसरं आत होऊ घातलेल्या दाण्याला जोडलेलं. तुऱ्यावरून उडालेला परागकण केसावर बसला, तिथून बारीक नळी वाढत आत पोचली, की दाणा धरला. केसावर पराग बसलाच नाही, तर त्या केसाच्या मुळाशी रिकामी जागा. सातशे-आठशे दाण्यांचं कणीस म्हणजे तितके केस आणि तितके वेगवेगळे प्रसंग.

(जाता जाता एक गंमत. पुढच्या वेळी कणसाच्या ओळी मोजा. १४, १६, १८ असा सम आकडाच निघेल, कारण कणसावर फुलं जोडीनं येतात.)

आता वेळेचं गणित. तुऱ्यातून पराग झडतो तो साधारण आठवडाभर. हवेत सुटलेला एकेक परागकण काही तासच तग धरतो, कडक उन्हात तर मिनिटांतच वाळतो. केसही तुऱ्यापाठोपाठ दोन-तीन दिवसांत बाहेर यायला हवेत. पाणी असेल तर हे बिनबोभाट होतं. पण ऐन त्याच वेळी जमिनीतली ओल आटली, तर तुरा ठरल्या दिवशी येतो आणि केस मागे राहतात, कारण केस लांब व्हायचे म्हणजे त्यांना भरपूर पाणी लागतं. वऱ्हाड जेवून हात धुऊन गेलं आणि मग नवरी मांडवात आली, असा प्रकार. सगळ्यात शेवटी बाहेर येतात ते शेंड्याकडच्या दाण्यांचे केस, म्हणून पहिला बोडका होतो तो शेंडा. शिवाय दाणे धरल्यावर झाडाला ओढ बसली, तरी ते शेंड्याकडचेच कोवळे दाणे सोडून देतं. घरात अन्न कमी पडलं की शेवटच्या पंगतीला ताट मिळत नाही, तसंच.

म्हणून कणीस थोडंफार वाचता येतं. विखुरलेल्या फटी दिसल्या, तर पराग आणि केसांची वेळ चुकली, पराग उन्हात मेला किंवा अळीनं केस कुरतडले. ओळी भरलेल्या पण दाणे सुरकुतलेले, हातात हलके, असतील तर फुलोरा नीट पार पडला आणि दाणा भरायच्या दिवसांत काहीतरी बिनसलं. कणीसच मुळात बारीक असेल तर त्रास त्याहून आधीचा, झाड गुडघाभर असतानाचा. ओळी किती होणार हे साधारण तेव्हाच ठरलेलं असतं.

मक्याला हंगामाची सरासरी कळत नाही, हे माझ्या मते या सगळ्यातलं मुख्य. पेरणीनंतरचा थोडा ताण तो सोसतो, पान सुरळी करून बसतो आणि पाऊस आला की परत उलगडतो. पण तुरा दिसण्याच्या आधीचे आणि नंतरचे आठ-आठ दिवस मात्र त्याच्याकडे सोसायला काही नसतं. "यंदा ९४ टक्के पाऊस झाला" हे वाक्य बातमीत ठीक आहे, मक्याला विचारायचं तर विचारा, "त्या पंधरा दिवसांत किती झाला?"

२०२३ चं साल आठवा. त्या पावसाळ्यात देशभराची बेरीज खरोखरच सरासरीच्या ९४ टक्के होती. फार वाईट नाही म्हणावी अशी. पण ऑगस्टमध्ये देशातला पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होता. १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सप्टेंबरात पाऊस परत आला आणि बेरीज सावरली. जूनअखेर पेरलेला मका मात्र पन्नास-पंचावन्न दिवसांनी, म्हणजे बरोबर ऑगस्टच्या मधल्या-शेवटच्या आठवड्यात तुऱ्यावर होता. पंचांगात हेच दिवस मघा नक्षत्राचे. "न पडतील मघा, तर वरती बघा" ही म्हण आपल्याकडे उगीच नाही. (म्हणीचा पहिला अर्धा भाग इथे छापण्यासारखा नाही, गावाकडचा कुणीही सांगेल.)

मग हवामानबदलाचा यात संबंध काय? एखाद्या ऑगस्टकडे बोट दाखवून "हा बघा हवामानबदल" म्हणणं बरोबर नाही. पावसात खंड पूर्वीही पडायचे. प्रश्न आहे तो खंड किती वेळा पडतात याचा. पाषाणच्या आयआयटीएममधल्या, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं २०२० मध्ये भारताच्या हवामानबदलाचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. १९५१ ते १९८० या काळाच्या तुलनेत १९८१ ते २०११ मध्ये पावसाळ्यातले कोरडे खंड २७ टक्क्यांनी वाढले, असं त्यात आहे. आणि त्याच वेळी उलटंही घडलं: मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरच्या वर कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. याचा अर्थ पाऊस नुसता कमी किंवा जास्त झालेला नाही, त्याचं वाटप बिघडलं. पगार तेवढाच, पण तीन महिन्यांचा एकदम आणि मग दोन महिने काहीच नाही. घर चालवून दाखवा.

यामागचं एक कारण सोपं आहे. हवा एक अंशानं तापली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. ढग बरसतात तेव्हा तीच जादा वाफ एकदम खाली येते. आणि बरसत नाहीत तेव्हा तीच तहानलेली हवा मातीतून, पानातून पाणी ओढते. म्हणजे पूर्वी दहा दिवसांची उघडीप जितकी जाचक वाटायची, तितकी आता आठव्या दिवशीच वाटू शकते. झाड पाणी वाचवायला पानांवरची छिद्रं मिटून घेतं. पण त्याच छिद्रांतून त्याचं अन्न बनवायचं कच्चं सामानही आत येतं. तहान वाचवली तर भूक, भूक भागवली तर तहान.

जास्तीचा पाऊसही मक्याला मानवत नाही, हे मात्र अनेकांना माहीत नसतं. भातासारखी पाण्यात उभं राहायची सोय त्याच्या मुळांना नाही. भीमा-नीरेच्या काठच्या भारी काळ्या रानात दोन-तीन दिवस पाणी साचलं की मुळं गुदमरतात, मातीतलं नत्र वाया जातं आणि पीक पिवळं पडतं. कोवळ्या वयात तर फारच. २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच पुण्यात दाखल झाला, नेहमीच्या तारखेच्या दोन आठवडे आधी. शहरात आपण छत्र्या शोधत होतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडे प्रश्न वेगळा होता. उन्हाळी पीक काढायचं राहिलेलं, मशागत व्हायची बाकी आणि रानाला वाफसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, येत नाही. पाऊस लवकर आला म्हणजे पेरणी लवकर होते असं नाही.

उष्णतेचं बघू. इथे दोन गोष्टींची गल्लत होते, म्हणून जरा सावकाश.

पहिली गोष्ट वेगाची. मक्याचं वय दिवसांत मोजतात खरं, पण झाड स्वतः मोजतं ते उष्णतेत. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्या, सरासरी काढा, त्यातून १० वजा करा, कारण १० अंशांखाली मका जवळजवळ वाढतच नाही. उरलेला आकडा ही त्या दिवसाची कमाई. समजा एखाद्या वाणाला पक्व व्हायला अशी १५०० ची बेरीज लागते. दिवसा २९ आणि रात्री २१ असेल तर सरासरी २५, रोजची कमाई १५, म्हणजे १०० दिवस. आता दोन्ही आकडे फक्त एकेका अंशानं वाढवा. रोजची कमाई १६ आणि पीक ९४ दिवसांत तयार. लवकर तयार झालं, मग चांगलंच की! तसं नाही. सहा दिवस कमी म्हणजे सहा दिवसांचं ऊन कमी, तेवढं अन्न कमी, दाणा हलका. मंद आचेवरची बासुंदी घाईनं आटवल्यासारखं. रात्री उबदार झाल्या तर आणखी एक गळती लागते: दिवसा कमावलेल्या साखरेतला थोडा भाग झाड रात्री श्वसनात जाळतं, आणि उबेत जास्त जाळतं.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. अमेरिकेतल्या अनेक दशकांच्या नोंदी तपासून श्लेंकर आणि रॉबर्ट्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं की तापमान वाढेल तसं मक्याचं उत्पादन २९ अंशांपर्यंत हळूहळू वाढतं आणि त्यापुढे झपाट्यानं कोसळतं. चढ सोपा, उतार कड्यासारखा. आफ्रिकेतल्या २०,००० हून जास्त प्रयोग-प्लॉटांच्या नोंदींवरून २०११ मध्ये असंच दिसलं. हिशेब वरच्यासारखाच, फक्त १० ऐवजी ३० अंशांपुढच्या उष्णतेचा: प्रत्येक जादा अंश-दिवसाला, म्हणजे एक दिवस एक अंश जास्त असला की, पाऊस नीट असताना सुमारे १ टक्का घट, आणि दुष्काळ असेल तर १.७ टक्के. पाणी असलं तरी उष्णता मारते, आणि पाणी नसलं तर जवळजवळ दुप्पट मारते, हा त्याचा बोध. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मका-पट्ट्यात दोन्ही एकत्र आले. हंगामाच्या सुरुवातीला तिथे एकरी सुमारे ४२ क्विंटलचा अंदाज होता, हाती आले ३१ च्या आसपास.

पण हे आकडे उचलून पुण्याला चिकटवू नका. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण हवामानबदल म्हटलं की आपण लगेच पारा बघतो. पुण्यात ऑगस्टमध्ये कमाल तापमान २८ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे खरिपाचा मका तुऱ्यावर येतो तेव्हा उष्णता हा त्याचा पहिला शत्रू नाही, तो कड्याच्या काठावर पण अलीकडे उभा आहे. त्याचं दुखणं आहे पावसाचा खंड, नाहीतर सलग ढगाळ दिवस आणि साचलेलं पाणी. उष्णतेची गाठ पडते ती उन्हाळी मक्याशी. जनावरांच्या चाऱ्यासाठी फेब्रुवारीत पेरलेला मका एप्रिलमध्ये तुऱ्यावर येतो, आणि तेव्हा दौंड-इंदापूरकडे पारा चाळिशीला टेकलेला असतो. ३५ च्या पुढे पराग अशक्त व्हायला लागतो. चारा किंवा मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) करायचा असेल तर हिरवा पाला तरी हाती येतो, जरी कणसाशिवाय मुरघासाचा कस उतरतोच. दाण्यासाठी लावला असेल तर मात्र पाणी देऊनही कणसं बोळकी राहू शकतात.

आणि पुणे जिल्हा म्हणजे तरी एक हवामान कुठे आहे? ताम्हिणी-लोणावळ्याकडे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला बारामती-इंदापुरात पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात आणि पुढच्यांना उरलं-सुरलं मिळतं. एकाच जिल्ह्यात एकाचा मका पाण्यानं पिवळा आणि दुसऱ्याचा पाण्यावाचून.

एक प्रश्न हमखास येतो: कार्बन डायऑक्साइड वाढला तर झाडांना खाऊच जास्त मिळेल ना? गव्हाला, भाताला, सोयाबीनला थोडा फायदा होतो, हे खरं. मका त्या पंक्तीतला नाही. ऊस, ज्वारी आणि मका यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आधीच गोळा करून ठेवायची सोय असते. ज्याच्या घरी टाकी भरलेली, त्याला नळाला जोर वाढला काय नि नाही काय. कोरड्या दिवसांत छिद्रं थोडी मिटूनही काम भागतं, म्हणून पाणी जरा वाचतं, इतकाच नफा. जगभरच्या अभ्यासांची एकत्र बेरीज २०१७ मध्ये मांडली गेली. हा खत म्हणून होणारा फायदा आणि शेतकरी करतील ते बदल बाजूला ठेवले, तर पृथ्वीचं सरासरी तापमान १ अंशानं वाढल्यावर मका ७.४ टक्क्यांनी घटेल, गहू ६, भात ३.२ आणि सोयाबीन ३.१ टक्क्यांनी. चौघांत सर्वांत मोठा फटका मक्याला.

अळीबद्दल थोडक्यात. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. ती पोंग्यात, म्हणजे शेंड्याकडच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, बसून पान खाते, मागे लाकडाच्या भुशासारखी विष्ठा ठेवते. उबेत तिची पिढी महिनाभरात पुरी होते, थंडीत दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. जोराच्या पावसात पोंग्यात पाणी भरून लहान अळ्या मरतात. उघडीप पडली की तिचं फावतं. म्हणजे ज्या खंडात मका तहानेनं टेकीला येतो, त्याच खंडात अळी जोरात. ती आली म्हणून उष्णता वाढली असं नव्हे, ती माणसांच्या व्यापारातून आणि स्वतःच्या पंखांवर आली. उबेनं तिला फक्त घर बरं करून दिलं.

शेवटचा फटका काढणीचा. दाणा पक्व झाला, वाळायला हवा, आणि परतीचा पाऊस जायचं नाव घेत नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात राज्यभर हेच झालं, शेतातल्या कणसांना उभ्या-उभ्या मोड आले. दाण्यात १४ टक्क्यांपेक्षा जास्त ओल राहिली की बुरशी धरते. त्यातली एक जात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि गंमत अशी की तिला आधीचा दुष्काळ-उष्णता पण आवडते आणि नंतरची ओल पण. असा मका गाईनं खाल्ला तर त्या विषाचा एक अवतार दुधात उतरतो. कोंबडीच्या खाद्यात तर निम्म्याहून जास्त मकाच असतो. तेव्हा ज्या पुणेकराला कणीस आवडत नाही, त्याच्या घरीही मका रोज येतो, चहात आणि ऑम्लेटमध्ये. हल्ली गाडीच्या टाकीतही: २०२३ चा पाऊस दगा देऊन गेल्यावर डिसेंबरात सरकारनं पेट्रोलमध्ये मिसळायच्या, उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधनं आणली, आणि डिस्टिलऱ्यांची नजर मक्यावर गेली.

उपाय काय, असं विचाराल तर चमत्कार कुणाकडे नाही, पण हातातल्या गोष्टी बऱ्याच आहेत. रुंद वरंबा-सरीवर लावलं की जादा पाणी सरीतून निघून जातं आणि खंडात तीच सरी ओल धरते. एका कामात दोन्ही संकटांवर थोडा उतारा. सगळं रान एकाच दिवशी न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन तुकड्यांत पेरलं, तर एकाच खंडात दोन्ही तुरे सापडत नाहीत. लवकर येणारा वाण खंडातून निसटू शकतो, पण त्याचं उत्पादन मुळात कमी, हा सौदा उघड्या डोळ्यांनी करावा. उशीर झाल्यावर हट्टानं लांब मुदतीचा वाण पेरणं मात्र मला शहाणपणाचं वाटत नाही. दाणा भरायच्या वेळी ओल संपलेली असते.

अंदाजांचा उपयोगही आता खरोखर होतो. शिवाजीनगरच्या शिमला ऑफिस चौकातून आपण रोज जातो. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं, त्यावरून ते नाव. शेती-हवामानाचा विभागही १९३२ मध्ये पुण्यातच सुरू झाला. आज दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्यांसाठी कृषी सल्ला निघतो, आणि गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा अंदाज. त्यात अमुक गावात अमुक तारखेला पाऊस असं नसतं. पण "पुढचे दोन आठवडे कमी पाऊस" एवढं कळलं तरी मक्याला पुरतं.

माझे मामा दौंडकडे आहेत. शेततळ्यात एका पाळीपुरतं पाणी शिल्लक होतं तेव्हा त्यांचा फोन आला. "एकच पाणी हाय बघ. पानं दुपारची सुरळी व्हायला लागल्यात. आता सोडू का थांबू?"

"मामा, तुरा दिसतोय का?"

"न्हाई अजून. पोंग्यात हाताला लागतोय."

"मग चार-पाच दिवस थांबा. तुरा बाहेर डोकावला की त्याच संध्याकाळी सोडा. गुरुवारच्या अंदाजात पाऊस असेल तर मी कळवते."

पाऊस नव्हता. मामांनी पाचव्या दिवशी रात्री पाणी सोडलं. कणसं शेंड्यापर्यंत भरली नाहीत, बोटभर जागा मोकळी राहिलीच. बांधापलीकडच्या रानात, जिथे पाणी आठ दिवस आधी देऊन संपलं होतं, तिथे निम्मी कणसं बोळकी निघाली.